साधर्म्याचा रकाना

आमच्या घरात चंद्राला नाव नव्हतं. तो उगवायचा, अंगणभर उजेड पाडायचा, पण माझी माय त्याला 'वरचा दिवा' म्हणायची. माझ्या वडिलांचं नाव चंद्रभान होतं आणि बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं, असं आमच्याकडे मानत. नुसतं नावच नव्हे, नावाचा तुकडादेखील चालत नसे. म्हणून चांदण्याला ती 'टिपूर' म्हणायची आणि जुनी माणसं ज्या शहराला चांदा म्हणत, त्या चंद्रपूरला 'कोट', कारण त्या शहराभोवती मोठा कोट आहे. बसमध्ये कंडक्टरने कुठलं तिकीट म्हणून विचारलं तर ती म्हणायची, "शेवटलं." ती गावच्या शाळेत पहिलीला शिकवत असे. तिथे 'च' हे अक्षर चमच्याचं होतं. चित्रांच्या तक्त्यावरच्या चंद्रावर ती छडी ठेवायची आणि विचारायची, "हे काय हाय रे पोट्टेहो?" चाळीस पोरं एका सुरात ओरडत. आपल्या बाईंनी तो शब्द कधी उच्चारलेलाच नाही, हे त्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नसावं. लिहायला मात्र तिची हरकत नव्हती. कागदाला कान नसतात, असं ती म्हणायची.

अन्वी, तेजस, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला कवितेतले अलंकार समजावून सांगायला सांगितलेत. मी तासभर सांगितलं. शेवटी अन्वी म्हणाली, "आजी, सगळ्यांच्या पुस्तकात उपमेला चंद्र असतो, तू का नाही सांगितलास?" मी म्हटलं, नेटवर्क नीट नाही, नंतर बोलू. नेटवर्क अगदी नीट होतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

सावलीहून वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव होतं. कवेलूचं म्हणजे कौलांचं घर, मागे धान साठवायचा ढोला, पलीकडे धानाची गिरणी. गिरणीचा पट्टा दिवसभर फटफटत असे आणि तो थांबला की घर एकदम रिकामं वाटायचं. घरात तिघी होतो. माय, मी आणि बाबांची आई, जिला सगळं गाव बुढीमाय म्हणे. बाबा कुरखेड्यापलीकडच्या जंगलात बांबूच्या कूपावर, म्हणजे तोडीच्या जागी, मुकादम होते. पंधरा दिवस तिकडे, दोन दिवस घरी. ते अंगणात आले की बुढीमाय खाटेवरूनच म्हणायची, "आला वं तुहा पंधरवड्याचा पाहुना. दे पानी." ते येताना पळसाच्या पानात बांधून काहीतरी आणत, कधी चारोळी, कधी तेंदूची फळं, टेंभरं. त्या रात्री भातासोबत लाखोरीच्या डाळीचे वडे होत. एरवी भात, अंबाडीची भाजी आणि वर आंबील.

मी चंद्रपूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये इंग्रजीतून शिकत होते. त्या वर्षी परीक्षेच्या आधीच मला कावीळ झाली आणि सिस्टरांनी मला दोन महिने घरी पाठवून दिलं. डोळे पिवळे, नखं पिवळी. तेल बंद, वडे बंद, नुसता मऊ भात आणि ताक. मी चौदा वर्षांची होते, सगळ्यांवर चिडलेली होते आणि मला काही काम नव्हतं.

काम मायने दिलं. ती शाळेत सहा वर्षं तात्पुरती म्हणून शिकवत होती. आता कायम व्हायचं तर खात्याची परीक्षा पास होणं भाग होतं. नाहीतर शाळा उघडताना तिच्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसणार होतं, आणि ते कोण हेही गावाला ठाऊक होतं. लेखी परीक्षा तिने दिली होती. तोंडी उरली होती, ती चंद्रपूरला व्हायची होती, आणि तिचा मोठा भाग मराठीचा होता. कविता म्हणजे काय, वृत्त, यमक, अलंकार. माय सातवी शिकलेली. तिला कविता पाठ येत, त्यांच्या आतल्या भागांची नावं येत नव्हती. मला इंग्रजीतली नावं येत होती, मराठीतली नव्हती. आम्ही दोघी एका गाइडवर तुटून पडलो.

मी एक वही आखली. मला तेव्हापासून आखल्याशिवाय काही सुचत नाही. अलंकाराचं नाव, लक्षण, उपमेय म्हणजे ज्याचं वर्णन करायचं ते, उपमान म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते, आणि शेवटी साधर्म्य, म्हणजे त्या दोघांत सारखं काय आहे ते. पाच रकाने. पलीकडे बारीकसा सहावा. मायने चार वेळा न चुकता सांगितलं की त्यात मी लाल पेन्सिलने बरोबरची खूण करत असे.

पहिले चार दिवस तिला काहीच कळत नव्हतं. "हे उपमा अना हे रूपक, दोनी सारखेच तं दिसून राह्यले मले," ती म्हणायची. मीही गाइडातलं वाक्य पुन्हापुन्हा, दर वेळी जरा मोठ्याने, वाचून दाखवायची. सुटका बुढीमायने केली, तिच्या नकळत. ती खाटेवर पडून माझ्याकडे पाहत म्हणाली, "ही पोट्टी नाई राह्यली वं, हळकुंड होऊन गेली." माय हातातलं सूप ठेवून एकदम माझ्याकडे वळली.

"हे कोनतं झालं?"

मी पान उलटलं. पोट्टी नाही, हळकुंड आहे. मूळ वस्तूच नाकारायची आणि तिच्या जागी दुसरी ठेवायची. ही अपन्हुती. मग आम्ही दोघींनी त्या एका हळकुंडावर सगळं पान उभं केलं. पोट्टी हळदीवानी पिवळी, ही उपमा. पोट्टी म्हणजे जणू हळकुंडच, ही उत्प्रेक्षा. पोट्टी हळकुंड हाय, मध्ये 'वानी' नाही, 'जणू' नाही, दोघी एकच, हे रूपक. अतिशयोक्ती बुढीमायने फुकट पुरवली. "हिच्या आंघोळीचं पानी नालीत गेलं तं बेडकं पिवळे झाले." उपमेच्या खुणेच्या शब्दांत गाइडाने 'सारखा', 'समान', 'परी' यांच्या शेजारी 'वाणी' दिलेला पाहून माय इतकी हरखली की ते पान तिने शेजारच्या बाईला दाखवलं. आपल्या बोलण्यातला शब्द छापलेला तिने पहिल्यांदा पाहिला होता. यमक तिला एका मिनिटात समजलं. "बैलजोडीवानी हाय ते. एक लंगडला का नांगर वाकडा."

सिस्टरांनी मला इंग्रजीत सिमिली आणि मेटाफर अशा दोन खोल्या दाखवल्या होत्या. इथे एकापाठोपाठ एक पाच खोल्या निघाल्या, आणि माय त्यातून दिवे लावत चालली होती. लाल खुणा वाढत गेल्या. एकाच ठिकाणी गाडी अडायची. गाइडात उपमेचं पहिलं उदाहरण होतं, 'तिचे मुख चंद्रासारखे सुंदर आहे', आणि माय म्हणायची, "तिचे मुख वरच्या दिव्यासारखे सुंदर आहे."

पहिल्या दिवशी मी हसले. तिसऱ्या दिवशी हसले नाही.

"माय, परीक्षेत असं म्हटलंस तर साहेबाला काय कळणार?"

"समजून घेईन तो. समजदार असन."

"तो म्हणेल, बाईला साधं उदाहरण येत नाही. काढून टाकतील तुला."

"तं मंग तू दुसरं शिकव."

मी दुसरं शिकवलं नाही. गाइड सांगतं ते उत्तर, अशी माझी समजूत होती आणि तिच्यासमोर हरायचं नव्हतं. बोर्डिंगमध्ये मुली माझ्या बोलण्याला हसत. 'मले', 'तुले' ऐकलं की मागे वळून पाहत. मी दोन वर्षं घासून घासून ते बोलणं काढून टाकलं होतं. आता माझ्याच आईने शहाण्या माणसांसमोर 'वरचा दिवा' म्हणावं आणि खोलीभर लोकांनी एकमेकांकडे पाहावं, हे चित्र मला सहन होईना. तिच्या भीतीपेक्षा मला माझी लाज मोठी वाटत होती. हे आज लिहिता येतं. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणत होते.

एका दुपारी बुढीमाय शेजारी गेली होती. माय मोहाची फुलं वाळत घालत होती. मी वही घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "आज तो शब्द म्हटल्याशिवाय पुढचं पान नाही."

"काऊन छळून राह्यली वं मले?"

"मी छळत नाही. हा अडाणीपणा आहे. शब्दाने कोणी मरत नाही. तुला कायम व्हायचंय की नाही? नसेल तर मी ही वही चुलीत घालते."

मी खरंच चुलीकडे निघाले. माय उठली. तिने मागच्या दाराबाहेर पाहिलं, अंगणात पाहिलं, मग ढोल्याकडे तोंड करून, मला पाठ देऊन, तो शब्द उच्चारला. अगदी हळू, एकदाच. मग पदराने तोंड पुसलं, काही सांडल्यासारखं. मी वहीतल्या सहाव्या रकान्यात खूण केली. नेहमीपेक्षा मोठी केली. माय फुलं पसरायला बसली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एस.टी. आमच्या फाट्यावर थांबली आणि पुढे गेलीच नाही. कंडक्टर उतरून घराकडे चालत येताना मला दिसला. त्याच्या मागे दोन-चार प्रवासीही उतरले होते. दारासमोर येऊन तो मोठ्याने म्हणाला, "चंद्रभान भाऊच्या घरचं कोन हाय?"

माय चुलीपाशी होती. ती बाहेर आली ती हातात पळी घेऊनच.

"बाई, घाबरू नोका. अस्वलानं धरलं त्याईले. सकाळी उजाडता उजाडता. मोहाखाली होती मादी, पिल्लं संग होते. कूपातल्या मानसाईनं सोडवलं, लाकडाच्या ट्रकात टाकून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. तिकडच्या डायवरनं आमच्या डायवरले सांगतलं. जित्ते हाय बाई. तोंडाले लागलं."

बुढीमाय खाटेवरून उतरायला गेली आणि खाली बसली. "मायं लेकरू," एवढंच म्हणाली. कंडक्टर म्हणाला, "चाला, गाडी थांबवून ठेवली." त्या सगळ्या गोंधळात मायने एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आणि काही विचारल्यासारखंही नाही. लहान मुलाने तोंडात काही घातलं आहे का, हे आई त्याचं तोंड पाहून ठरवते तसं. मग ती पातळ बदलायला आत गेली.

काल दुपार आणि आजची पहाट. मध्ये एक रात्र. मी बसमध्ये हेच मोजत बसले होते. माझ्या पिशवीत दोन कपडे होते आणि ती वही होती. ती का घेतली मला माहीत नाही. मूलला बस थांबली, कोणीतरी आम्हाला पाणी आणून दिलं. माय प्यायली नाही. तिकिटाला कंडक्टरने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नाहीतर तिला 'शेवटलं' म्हणावं लागलं असतं, आणि त्या दिवशी तो शब्द तिला म्हणवला नसता.

दवाखान्यात बाबांचं तोंड दिसत नव्हतं. डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी, एक नाकपुडी आणि ओठांचा कोपरा तेवढा उघडा. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा गेला, जबडा बांधला आहे, जखमा खोल आहेत, ताप चढतो आहे, दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही. माय खाटेच्या पायथ्याशी बसली आणि बाबांची पावलं धरून ठेवली. दोन रात्री ती तशीच होती. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर झोपायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिची तोंडी परीक्षा होती, त्याच शहरात, दवाखान्यापासून चालत वीस मिनिटांवर. ते आम्हा दोघींनाही माहीत होतं आणि दोघीही बोलत नव्हतो.

शेवटी मीच बोलले. "माय, आज अकराला."

"मी नाई जात."

"मग पुन्हा वर्षाने. तोवर तुझी जागा..."

"माहीत हाय मले."

बाबा जागे होते. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी पांघरुणातून हात काढला, मायचा हात शोधला, धरला, आणि मग दाराच्या दिशेने ढकलला. माय हलली नाही. त्यांनी पुन्हा ढकलला. माय उठली.

जिन्यात मी तिला थांबवलं. "हे बघ, मुख विचारलं तर कमळ म्हण. मुख कमळासारखं. तेही चालतं." तिने मान हलवली. कमळ मला आधी सुचलंच नव्हतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे ते गाइडात त्याच पानावर, चंद्राच्या खालच्या ओळीत होतं.

परीक्षा एका शाळेत होती. उन्हाचे दिवस, खिडक्या सताड उघड्या. मी व्हरांड्यात खिडकीखाली बसले. आत टेबलामागे दोघं होते. एक चष्मेवाले साहेब, बोलण्यावरून बाहेरचे, आणि एक वयस्क हेडमास्तरीणबाई, हातातल्या हजेरीच्या कागदाने वारा घेणाऱ्या. मायचा नंबर बाराला आला.

साहेबांनी यमक विचारलं. मायने सांगितलं. रूपक विचारलं, उपमेत आणि रूपकात फरक काय विचारलं. मायने हळकुंडाचं सांगितलं. बाई हसल्या. साहेब म्हणाले, "पुस्तकी मराठीत बोला, बाई. मुलांना काय शिकवणार तुम्ही?" माय म्हणाली, "हो सर." तिचा आवाज बारीक झाला होता.

"बरं. उपमेचं उदाहरण द्या. उपमेय मुख घ्या."

"मुख कमळासारखे सुंदर आहे."

"कमळ," साहेब म्हणाले. "सकाळपासून अकरा कमळं ऐकली मी. एकाच गाइडातलं पान सगळ्यांनी पाठ केलंय. दुसरं सांगा. उपमान प्रसिद्ध हवं, ऐकताक्षणी पटलं पाहिजे."

मायच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

"अहो, पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. रात्री वर पाहता की नाही आकाशात?"

मी खिडकीखाली गुडघ्यांत तोंड घातलं होतं. तिने तो शब्द म्हणावा असं मला वाटत होतं, आणि ती म्हणेल याची भीतीही वाटत होती. वीस मिनिटांवर, त्या पट्टीच्या आत, ताप चढत होता की उतरत होता कोणाला ठाऊक. शब्दाने कोणी मरत नाही, असं मी तीन दिवसांपूर्वी तिला सांगितलं होतं. त्या क्षणी मला कोणी तो शब्द मोठ्याने म्हणायला सांगितला असता, तर मीही म्हटला नसता. माझ्या मांडीवर वही होती. मी ती बंद करून तिच्यावर दोन्ही हात दाबून बसले होते.

"येत नाही असं लिहू का?" साहेबांनी पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"नोका लिहू," माय म्हणाली. खुर्ची सरकली. मी उठून खिडकीतून पाहिलं. माय उभी राहिली होती. तिने पदर डोक्यावरून घेतला, टेबलाकडे पाठ केली, आणि ज्या बाजूला दवाखाना होता त्या भिंतीकडे तोंड करून, लग्नाच्या मांडवात नव्या नवरीला सगळ्या बाया आग्रह करतात तेव्हा ती घेते तसं, स्पष्ट, न थांबता नाव घेतलं:

"वैनगंगेच्या डोहावर दुधासारखा उजेड सांडो,
चंद्रभानरावांचा चेहरा पुनवेसारखा नांदो."

बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पण उखाण्यात घ्यायचं. तिथे ते घेतल्याने आयुष्य कमी होत नाही, वाढतं. हे मला माहीत होतं, माझ्या इंग्रजी शाळेतल्या सिस्टरांनाही कदाचित माहीत असेल. पण पाच रकाने आखून बसलेल्या मला ते एकदाही आठवलं नव्हतं.

"हा उखाणा झाला, बाई," साहेब म्हणाले. "हे काही हळदीकुंकू नाही."

माय वळली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज परत आला होता. पहिलीच्या वर्गातला आवाज. "उदाहरनच हाय, सर. उपमेय चेहरा. उपमान पुनव. 'सारखा' शब्द हाय मधात. म्हंजे उपमा. अना शेवटी सांडो, नांदो, यमक बी हाय. अना हे गाइडातलं नाई. आत्ताचं हाय."

"आणि साधर्म्य? दोघांत सारखं काय ते?"

तो रकाना. माय 'सुंदर' म्हणाली असती तर झालं असतं. गाइडात तेच होतं. तिने खाली पाहिलं, मग साहेबांकडे.

"ते मले आज नाई सांगता येत. तोंडावर पट्टी हाय त्याईच्या. अस्वलानं धरलं. पट्टी सुटली का पाहीन, मंग सांगीन."

हेडमास्तरीणबाईंच्या हातातला कागद थांबला. गिरणी बंद पडल्यावर आमच्या घरात व्हायची तशी शांतता त्या खोलीत झाली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी हळूच विचारलं, "कोणत्या वॉर्डात आहेत हो?" मायने सांगितलं. साहेबांनी काहीतरी लिहिलं, काय ते मला खिडकीतून दिसलं नाही, आणि म्हणाले, "या तुम्ही."

परत जाताना ऊन तापलं होतं. माय भरभर चालत होती, मी मागे. अर्ध्या रस्त्यात मला राहवलं नाही. "माय, त्या दिवशी मी तुला म्हणायला लावलं. म्हणून तर नाही ना बाबांना..."

ती थांबली. "अस्वल का तुही वही वाचते वं?" ती म्हणाली.

मला हसू आलं आणि रडूही. तिने माझा हात धरला आणि पुन्हा चालू लागली. पण तिने हात फार घट्ट धरला होता, बोटं दुखेपर्यंत. तिला स्वतःला काय वाटत होतं ते तिने मला कधी सांगितलं नाही. त्यानंतर आयुष्यभर, पेन्शनीत निघेपर्यंत आणि नंतरही, तिने तो शब्द उच्चारला नाही. पेन्शनीत निघाली यावरून तुम्हाला कळलंच असेल की ती पास झाली. शाळा उघडायच्या आधी पत्र आलं. तोंडीला किती मिळाले ते त्यात नव्हतं.

बाबांचा ताप चौथ्या दिवशी उतरला. आठव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. कपाळापासून जबड्यापर्यंत एक जाड शिवण, उजवा डोळा मिटलेला, गालावर खोल खड्डे. मी नर्सबाईच्या मागे उभी होते, पुढे व्हायची माझी हिंमत झाली नाही. बाबांना ते कळलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. जबडा अजून बांधलेला होता, तरी ते पुटपुटले, "तिकडं जा म्हना तिले. भेईन पोट्टी."

माय खाटेवर बसली. तिने त्यांची हनुवटी दोन बोटांनी धरली, लेकराची धरतात तशी, आणि तोंड आपल्याकडे वळवलं. ती बराच वेळ पाहत राहिली. खिडकीबाहेर रिक्षा जात होत्या, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा चहा मागत होता. बाबांचा एक डोळा तिच्याकडे पाहत होता आणि वाट पाहत होता. मग माय माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वही आन वं."

मी वही दिली, लाल पेन्सिल दिली. तिने पान काढलं. उपमा. उपमेय, मुख. उपमान, तो शब्द, माझ्या अक्षरात. साधर्म्याच्या रकान्यात मी गाइडातून उतरवलेलं 'सुंदर' होतं आणि पलीकडे माझी ती मोठी खूण. तिने 'सुंदर' खोडलं नाही. त्याच्याखाली जागा कमी होती, म्हणून बारीक अक्षरात, पुस्तकी मराठीत, एकही चूक न करता तिने लिहिलं: 'जाणे आणि परत येणे.'